मनाचं गणित (भाग ६) : कांदा लावायचा की ऊस?

मागच्या भागात आपण स्किनरच्या कबुतरांपाशी थांबलो होतो. दाणा नेमका कितव्या टोचीला पडेल हे ठरलेलं नसलं की कबुतर चिकाटीनं टोचत राहतं, हे तिथं पाहिलं. आज शिरूर आणि दौंडच्या रानात जाऊ. घोड आणि भीमेच्या पाण्यावरच्या एकरात यंदा कांदा की ऊस, ही निवड तिथल्या घराघरांत पुन्हा पुन्हा करावी लागते.

उसाचा किमान दर आधी ठाऊक असतो. केंद्र सरकार एफआरपी जाहीर करतं. २०२४-२५च्या हंगामाला ती १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलमागे ३४० रुपये होती. कांद्याला असा आधार नाही. शिरूरच्या किंवा केडगावच्या बाजारात दहा किलोला काय भाव निघेल, हे लिलाव होऊन पट्टी हातात पडल्यावरच कळतं. तरीही कांदा लावला जातो, आणि त्याला सर्रास जुगार म्हटलं जातं. मला हे म्हणणं साफ चुकीचं वाटतं, आणि त्याचं कारण एका छोट्या सूत्रात आहे.

नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + शिकण्याचा वेग × (प्रत्यक्ष मिळालं ते − जुनी अपेक्षा)

प्राण्यांच्या शिकण्यासाठी बुश आणि मॉस्टेलर यांनी १९५१ साली याच घडणीचं गणित मांडलं. १९७२ मध्ये रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी अपेक्षाभंगालाच शिकण्याचं इंजिन ठरवलं. या दोहोंच्या मध्ये, १९५८ साली, मार्क नर्लोव्ह या अर्थशास्त्रज्ञानं शेतकरी पुढच्या भावाचा अंदाज कसा बांधतो हे सांगताना हेच समीकरण वापरलं. त्याच वाटेनं राज कृष्ण यांनी १९६३ मध्ये पंजाबच्या आकड्यांवरून शेतकरी भावाला प्रतिसाद देतो हे दाखवलं. प्रयोगशाळेतला उंदीर आणि पेरणीचा विचार करणारा माणूस एकाच ओळीत यावेत, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आकडे घालून पाहू. ते केवळ उदाहरणाचे आहेत. दोन शेतकऱ्यांची अपेक्षा दहा किलोला १५० रुपयांची होती, भाव निघाला २५०. पहिल्याचा शिकण्याचा वेग ०.३, त्याची अपेक्षा १८० होते. दुसऱ्याचा ०.८, तो २३० धरून चालतो. पुढच्या हंगामात भाव ८०वर आला, तर पहिला पुन्हा १५०वर येतो आणि दुसरा थेट ११०वर. दुसऱ्यासारखे पुष्कळ जण असले, तर चढ्या भावामागे सगळे धावतात, एप्रिलमध्ये बाजारात एकदम आवक होते आणि भाव कोसळतो. मग लागवड घटते आणि भाव परत चढतो. इझिकेल यांनी १९३८ मध्ये या फेऱ्याची मांडणी करणारा लेख लिहिला. अर्थशास्त्रात त्याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव मिळालं आहे.

मग योग्य वेग कोणता? भाव एखाद्या आठवड्याच्या योगायोगानं पडला असेल, तर त्याकडे फारसं लक्ष न देणं बरं. बाजारच बदलला असेल, तर झटपट शिकायला हवं. टिम बेहरेन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की परिस्थिती वेगानं बदलू लागली की माणसं हा वेग आपणहून वाढवतात. पण त्यासाठी योगायोग आणि बदल वेगळे ओळखता यावे लागतात. कांद्यात ते फार कठीण आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य लावून. मधल्या काळात रांगडा कांदा विकणाऱ्याला मिळालेल्या भावात पिकाचा आणि मागणीचा वाटा किती, दिल्लीच्या आदेशाचा किती, हे कोणत्या पट्टीवर लिहिलेलं असतं? असल्या भावातून शिकलेली अपेक्षा चुकली, तर दोष शिकणाऱ्याचा नाही.

शिवाय कबुतराला एका दिवसात शेकडो टोचींचा धडा मिळतो; उन्हाळी कांदा वर्षातून एकदाच येतो. उसानं तर लागण आणि खोडवा धरून रान दीड-दोन वर्षांहून जास्त अडकतं. मात्र माणसाला एक जास्तीची सोय आहे. ज्यानं ऊस लावला तोही शेजाऱ्याच्या कांद्याची पट्टी ऐकून आपली अपेक्षा बदलतो. न केलेल्या निवडीतूनही तो शिकतो. म्हणून अशा अभ्यासात सूत्राला आणखी एक पद जोडतात: दुसरा पर्याय घेतला असता तर काय मिळालं असतं, त्याचं.

हर्नस्टाइननं १९६१ मध्ये हार्वर्डला तीन कबुतरांवर प्रयोग केला. दोन कळांवरच्या टोची त्या-त्या कळीवर मिळणाऱ्या दाण्यांच्या प्रमाणात वाटल्या जात होत्या. अर्धं रान कांद्याला, अर्धं उसाला देणारा शेतकरी पाहून हा नियम आठवतो. पण घाईनं दोन्ही एकच मानू नयेत. एका पिकानं मार खाल्ला तर दुसऱ्यानं घर चालावं, हा हिशेब कबुतराच्या पेटीत नसतो.

पुढच्या आठवड्यात दौंडच्या गुऱ्हाळांकडे जाऊ. गुऱ्हाळाला ऊस घालून पैसे लवकर घ्यायचे, की कारखान्याच्या बिलाची वाट पाहायची? उशिरा मिळणाऱ्या रुपयाची किंमत मनात किती घटते, याचं मेझर यांनी १९८७ साली मांडलेलं सूत्र तिथं लागेल.