प्रसिद्धीपराङ्मुखाची प्रसिद्धी

मराठीत ‘प्रसिद्धीपराङ्मुख’ हे विशेषण आपण फार सढळ हाताने वाटतो. मृत्युलेखांत आणि गौरवग्रंथांत ते हमखास भेटते. पण प्रसिद्धीकडे पाठ फिरवायची तर ती आधी दारात येऊन उभी असावी लागते. जिच्याशी कधी गाठच पडली नाही, तिला नाकारण्याचे श्रेय कोणाला कसे द्यावे? या शब्दाचा अर्थ नीट पारखायचा असेल तर असा माणूस हवा, की ज्याच्या दारात प्रसिद्धी तेवीस वर्षे ठाण मांडून होती आणि तिच्याशी काय बोलावे हे ज्याला शेवटपर्यंत सुचले नाही. उत्तर आयर्लंडचा मोटारसायकल शर्यतपटू जोई डनलॉप हा असा माणूस होता.

जुलै २००० मध्ये तो अपघातात गेला, तेव्हा बॅलीमनी या त्याच्या छोट्या गावाबाहेरच्या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सुमारे ५०,००० माणसे उभी होती. अंत्यविधी दूरचित्रवाणीवर थेट दाखवला गेला. ज्याने आयुष्यभर कॅमेरा टाळला, त्याला हा निरोप मिळाला. हे कसे घडले, याचा शोध घेतला तर एका खेळाडूच्या स्वभावापेक्षा अधिक काही हाती लागते.

रस्त्यावरची शर्यत

प्रथम त्याचा खेळ समजून घ्यायला हवा. मोटारसायकलच्या बहुतेक मोठ्या शर्यती आज खास बांधलेल्या ट्रॅकवर होतात. तिथे वळणाबाहेर मोकळी जागा असते; स्वार घसरला तर खडीत जाऊन थांबतो आणि पुष्कळदा उठून चालू लागतो. रस्त्यावरची शर्यत हा वेगळाच प्रकार. त्यात रोजच्या वापरातले गावरस्ते काही तासांसाठी बंद करतात. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणे, विजेचे खांब, घरांच्या भिंती, झाडे. घसरलेला स्वार यांपैकी कशावर तरी आदळतो.

या प्रकारातली सर्वांत मानाची शर्यत म्हणजे आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावरची ‘टुरिस्ट ट्रॉफी’, म्हणजे टीटी. ती १९०७ मध्ये सुरू झाली. सध्याच्या मार्गाची एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची आहे आणि तिच्यात दोनशेहून अधिक वळणे आहेत. स्वारांना दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडतात, त्यामुळे खरी झुंज घड्याळाशी असते. या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांचा जीव गेला आहे.

१९७२ मध्ये इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती येथे मरण पावला, त्यानंतर त्याचा मित्र आणि दहा वेळा टीटी जिंकलेला जाकोमो अगोस्तिनी पुन्हा इथे उतरला नाही. इतर नामवंतांनीही पाठ फिरवली. १९७६ नंतर टीटीचा जागतिक ग्रां प्री मालिकेतला दर्जा गेला. मोठा पैसा, मोठे प्रायोजक आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे ट्रॅककडे गेले. जोई डनलॉपने पहिली टीटी जिंकली ती लगेच पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये. ज्या खेळातून चकचकीत प्रसिद्धी नुकतीच उठून गेली होती, त्या खेळाचा तो राजा झाला, ही गोष्ट पुढचे सारे समजण्यासाठी लक्षात ठेवावी लागते.

गॅरेजमधला मुलगा

त्याचा जन्म २५ फेब्रुवारी १९५२ चा, बॅलीमनीजवळचा. वडील मोटार मेकॅनिक, सात भावंडे, बेताची परिस्थिती. १९६९ मध्ये तो एका जुन्या, छोट्या ट्रायम्फ मोटारसायकलवर पहिली शर्यत धावला. पुढे मेहुणा मर्व्हिन रॉबिन्सन, भाऊ जिम आणि मित्र फ्रँक केनेडी यांच्यासह त्याची एक चौकडी जमली. आर्मॉय या जवळच्या खेड्यावरून तिला ‘आर्मॉय आर्माडा’ म्हणत. या चौघांपैकी केनेडी १९७९ मध्ये आणि रॉबिन्सन १९८० मध्ये ‘नॉर्थ वेस्ट २००’ या शर्यतीतल्या अपघातांत गेले. कीर्तीची पायरी चढत असतानाच जोईने निम्मी चौकडी गमावली होती.

१९८० च्या क्लासिक टीटीत पेट्रोलच्या टाकीचा पट्टा तुटला, तेव्हा टाकी गुडघ्यांत दाबून धरून त्याने शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी होंडाने त्याला आपल्या संघात घेतले. १९८२ ते १९८६ अशी सलग पाच वर्षे तो टीटी फॉर्म्युला वन या प्रकाराचा विश्वविजेता होता. टीटीतले त्याचे एकूण विजय २६, अल्स्टर ग्रां प्रीतले २४. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारसायकल कंपनीचा हा स्वार आपल्या छोट्या गाड्यांची इंजिने स्वतः उघडत असे, त्या स्वतः व्हॅनमध्ये चढवत असे आणि शर्यत संपली की गावातल्या आपल्या पबच्या काउंटरमागे उभा राहून गिऱ्हाइकांना बिअर देत असे.

चार स्वार, चार वाटा

प्रसिद्धीशी कसे वागायचे, याची उत्तरे याच खेळातल्या आणखी तिघांकडे पाहिली की जोईचे वेगळेपण स्पष्ट होते.

लंडनचा बॅरी शीन १९७६ आणि १९७७ मध्ये ५०० सीसी गटाचा विश्वविजेता होता. विनोदी, देखणा, बोलका. सुगंधी द्रव्याच्या जाहिरातीत तो झळकला आणि मोटारसायकलशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही त्याचे नाव पोचले. प्रसिद्धी ही त्याला वापरता येणारी वस्तू होती आणि ती त्याने मजेत वापरली. टीटीत तो १९७१ मध्ये एकदाच उतरला आणि नंतर त्या शर्यतीचा कडवा टीकाकार झाला.

इटलीच्या व्हॅलेंतिनो रोस्सीलाही लोकांना रिझवणे मनापासून आवडे. पण मायदेशात रस्त्यावरून चालणे अशक्य झाल्यावर तो काही वर्षे लंडनमध्ये जाऊन राहिला, कारण तिथे त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. ऑस्ट्रेलियाचा केसी स्टोनर दोनदा, २००७ आणि २०११ मध्ये, मोटोजीपीचा विश्वविजेता झाला आणि २०१२ अखेर, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला. गाडी चालवणे त्याला प्रिय होते. तिच्याभोवतीच्या बाजाराचा मात्र त्याला वीट आला होता.

एकाने प्रसिद्धी वापरली, एक तिच्यापासून परगावी गेला, एकाने खेळच सोडला. जोईने यांतले काहीच केले नाही. तो होता तिथेच राहिला. पबचे दार सर्वांना उघडे होते. त्याला भेटायला परदेशातून आलेल्या चाहत्याला तो तिथे सहज सापडे. म्हणजे ज्या अर्थाने आपण ‘पराङ्मुख’ म्हणतो, त्या अर्थाने त्याने माणसांकडे पाठ फिरवली नव्हती. त्याला नको होते ते व्यासपीठ. समोरासमोर बसलेल्या माणसाशी त्याचे जमत असे. समूहापुढे, ध्वनिक्षेपकापुढे तो आक्रसून जाई.

न येणे आणि न करणे

त्याच्या मुलाखती पाहिल्या की हे ध्यानात येते. मान खाली, हातात सिगारेट, उत्तर दोन-तीन शब्दांचे. अँट्रिम परगण्याची त्याची जड ग्रामीण बोली इंग्लंडमधल्या प्रेक्षकांना नीट कळतही नसे. सुरुवातीला ही निव्वळ अडचण होती. पण पुढे यश इतके वाढले की त्याला हवे असते तर तो हे शिकू शकला असता. तो शिकला नाही. आधी जे जमत नव्हते, ते पुढे त्याने करायचेच नाकारले. लाजाळूपणाचे हळूहळू धोरण झाले असावे, असे त्याची कारकीर्द पाहून वाटते.

यामागे त्याच्या खेळाचे तर्कशास्त्रही असणार. ६० किलोमीटरच्या रस्त्यावरची प्रत्येक उंची, प्रत्येक सावली, ओल टिकून राहणारी प्रत्येक जागा पाठ असावी लागते. तिथे लक्ष ढळण्याची किंमत जीवाची असते. जोई शकुन-अपशकुन मानणारा होता: पिवळे हेल्मेट, आत लाल टी-शर्ट, जमल्यास तीन हा क्रमांक. अशा माणसाला शर्यतीआधीचा गोंगाट नकोसा वाटला तर नवल नाही.

गंमत अशी, की त्याच्या मौनाने प्रसिद्धी कमी झाली नाही. बोलक्या माणसाची प्रतिमा तो स्वतः घडवतो; अबोल माणसाची प्रतिमा लोक घडवतात. जोईने जी जागा मोकळी सोडली ती लोकांनी किश्श्यांनी भरली. १९८५ मध्ये टीटीला जाताना तो मासेमारीच्या बोटीने निघाला, ती बोट स्ट्रँगफर्डच्या खाडीत बुडाली, लोकांनी त्याला वाचवले आणि त्या वर्षी त्याने बेटावर तीन शर्यती जिंकल्या. असा प्रसंग सांगायला मिळाल्यावर जाहिरातीची गरज कोणाला? त्याच्या भागात त्याला ‘यर मॉन’ म्हणत. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ साधारण ‘तो बघा, तोच तो’ असा. नाव घेण्याचीही आवश्यकता नसणे, ही प्रसिद्धीची शेवटची पायरी म्हणायला हवी.

नावाचा उपयोग

१९८९ मध्ये ब्रँड्स हॅच येथे एका ट्रॅकवरच्या शर्यतीत त्याचा पाय आणि मनगट मोडले. पुढची तीन वर्षे टीटीत विजय नव्हता. १९९२ मध्ये त्याने माइक हेलवूडच्या १४ विजयांची बरोबरी केली, १९९३ मध्ये तो विक्रम मोडला. मधल्या काळात त्याच्या आयुष्यात आणखी एक काम आले होते. रुमानियातली हुकूमशाही १९८९ च्या अखेरीस कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांची दैना जगापुढे आली. जोईने शर्यतीची व्हॅन कपड्यांनी, अन्नाने भरली आणि तो एकटाच युरोप ओलांडून तिकडे गेला. मग पुन्हा गेला. अल्बानियाला गेला, युद्धाने पोळलेल्या बोस्नियाला गेला. बरोबर पत्रकार नसत. १९८६ मध्ये खेळासाठी त्याला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला होता. १९९६ मध्ये या मदतकार्यासाठी ओबीई मिळाला.

गावकरी वस्तू आणून देत, कारण मागणारा जोई होता. ज्या नावाचे त्याला ओझे वाटे, ते नाव त्याने इथे निःसंकोच वापरले.

त्या नावाची किंमत त्याच्या मुलखात आणखी एका कारणाने मोठी होती. उत्तर आयर्लंडमधल्या तीस वर्षांच्या यादवीत सुमारे ३,५०० माणसे मारली गेली. जुलै १९९८ मध्ये, शांतता करार होऊन तीन महिने झालेले असताना, बॅलीमनीतच एका घरावर पेट्रोल बॉम्ब टाकला गेला आणि तीन लहान भाऊ त्यात गेले. जिथे माणसाचे नाव आणि शाळा यांवरून त्याचा पक्ष ठरत असे, तिथे प्रोटेस्टंट घरातल्या जोईसाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच कुंपणावर बसून टाळ्या वाजवत. तो कोणाच्याही वतीने बोलला नाही, म्हणून तो दोन्हीकडचा राहू शकला. मौनाचा हा उपयोग त्याच्याही कदाचित ध्यानात आला नसेल.

साधेपणाची दुसरी बाजू

जून २००० मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जोईने टीटीत पुन्हा तीन शर्यती जिंकल्या. त्यांतली फॉर्म्युला वन शर्यत तो १९८८ नंतर प्रथमच जिंकत होता. सीनियर शर्यतीत तो तिसरा आला, पण तिच्यात त्याने ताशी १२३.८७ मैलांची आपली आयुष्यातली सर्वांत वेगवान फेरी नोंदवली. इथे थांबणे किती शोभले असते! काही आठवड्यांत तो गाड्या व्हॅनमध्ये घालून एकटाच एस्टोनियाची राजधानी तालिनला गेला. २ जुलैला तिथे त्याने दोन शर्यती जिंकल्या. तिसरी १२५ सीसीची, रस्ता ओला. गाडी घसरली, तो झाडांवर आदळला आणि जागीच गेला. मागे पत्नी आणि पाच मुले होती.

त्याच्या चाहत्यांच्या लेखनात हा शेवट पुष्कळदा गोड करून सांगितला जातो: आवडते काम करताना गेला. पण त्या घराचा हिशेब पुढे चालूच राहिला. धाकटा भाऊ रॉबर्ट मे २००८ मध्ये नॉर्थ वेस्ट २०० च्या सरावात गेला. दोन दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकल त्याच ठिकाणी शर्यतीत उतरला आणि जिंकला. रॉबर्टचा दुसरा मुलगा विल्यम २०१८ मध्ये सरावातच गेला. २०१४ मध्ये या घराण्यावर ‘रोड’ नावाचा माहितीपट निघाला.

उद्धट, श्रीमंत, मिरवणाऱ्या शर्यतपटूला ‘हे कशासाठी?’ असे विचारणे सोपे असते. जोईला ते कोणी विचारू शकत नव्हते. मिळकतीचा देखावा नाही, बडेजाव नाही, मदतीची जाहिरात नाही. अशा माणसाच्या हेतूवर बोट कुठे ठेवायचे? त्याच्या निर्मळपणाची सावली त्या खेळावरही पडली आणि खेळाचा धोकाही निर्मळ वाटू लागला. साध्या माणसावरचे समाजाचे प्रेम खरे असते, परंतु ते त्याला ‘आता पुरे’ म्हणू शकत नाही, हा त्या प्रेमाचा दोष आहे. कुंपणावर बसलेल्या हजारोंपैकी प्रत्येकाला तो सुखरूप घरी जावा असे वाटत होते आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा यावा असेही वाटत होते.

आइल ऑफ मॅनच्या डोंगरात, बंगलो नावाच्या वळणाजवळ, जोईचा पुतळा आहे: गाडीवर बसलेला, नजर रस्त्याकडे. त्याचा २६ विजयांचा विक्रम जून २०२४ मध्ये मोडला. मोडणारा मायकल डनलॉप होता, रॉबर्टचा मुलगा, जोईचा पुतण्या. त्या दिवशी बेटावर आनंद झाला. विक्रम घरातच राहिला, असे लोक म्हणाले. या घराने त्यासाठी काय मोजले, तेही त्या आनंदात सामील असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.