पडद्यावरचा मुलूख

बेंगळूरूच्या उत्तरेस असलेले येलहंका हे गाव शहरापेक्षा वयाने वडील आहे. केंपेगौडा यांनी १५३७ च्या सुमारास किल्ला बांधून बेंगळूरूचा पाया घातला, तेव्हा ते येलहंका प्रांताचे अधिपती होते. मराठी वाचकांस हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीमुळे परिचित आहे. परंतु विजापूरच्या फौजांनी ते जिंकले १६३८ मध्ये, म्हणजे गौडांचा अंमल शंभर वर्षे चालून गेल्यावर. या घराण्याच्या नावाने ओळखले जाणारे चार लहान मनोरे शहरात आजही उभे आहेत: एक लालबागेतील खडकावर, दुसरा हलसूरच्या तळ्यापाशी, तिसरा केंपांबुधी तळ्याच्या काठी आणि चौथा मेखरी सर्कलजवळ, येलहंक्याकडे जाणाऱ्या बल्लारी रस्त्याच्या आसपास. शहराची वाढ या मनोऱ्यांपलीकडे जाऊ नये असा पूर्वजांचा संकेत होता, अशी आख्यायिका आहे. शहराने तो संकेत केव्हाच ओलांडला. येलहंका आता त्याच शहराचे एक उपनगर झाले आहे.

या उपनगरातील एखाद्या उंच इमारतीत, रविवारी सायंकाळी, कोणी विद्यार्थी किंवा नोकरदार तरुण पडद्यासमोर बसून वेगळ्याच मनोऱ्यावर चढत असतो. तो मनोरा संगणकीय खेळातील आहे. शिखर गाठताच खेळातील दृश्य चहूकडे फिरते, दूरवरची नदी, रान आणि नगरे दिसतात, आणि त्याच क्षणी नकाशावर पन्नास-साठ चिन्हे उगवतात. येथे पेटी आहे, येथे शत्रूचा तळ आहे, येथे शर्यत आहे, येथे कोणा गावकऱ्याचे हरवलेले जनावर शोधून द्यायचे आहे. मनोऱ्यावरून दिसलेल्या दृश्याचा आनंद काही क्षण टिकतो; त्यानंतर कामांची यादी सुरू होते. असे चाळीस-पन्नास तास गेले की खेळणाऱ्याला एक विचित्र शीण येतो. खेळ वाईट नसतो, चित्रण देखणे असते, तरीही तो उघडण्याची इच्छा उरत नाही. विश्रांतीसाठी घेतलेल्या वस्तूने थकवा का द्यावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. मोकळ्या वेळाचे मोल ज्यांना कळते, अशांच्या तो विशेष जिव्हाळ्याचा आहे.

ज्या खेळात ठरावीक टप्पे एकामागून एक पार करावे लागत नाहीत, एक विस्तीर्ण प्रदेश खेळणाऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो आणि कोठे, केव्हा, कोणत्या वाटेने जावयाचे हे तो स्वतः ठरवतो, त्या खेळास ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. मराठीत त्याला ‘मुक्तविश्व खेळ’ म्हणता येईल. ही कल्पना जुनी आहे. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘एलीट’ या खेळात अवकाशयान घेऊन ग्रहाग्रहांवर व्यापार करता येत असे. १९८६ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आला. त्याचे एक निर्माते शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योटोजवळच्या सोनोबे या गावी गेले. गावाभोवतीच्या डोंगरांत हिंडताना त्यांना एक गुहा सापडली आणि पुढे कंदील घेऊन ते तिच्यात शिरले, ही आठवण त्यांनी वारंवार सांगितली आहे. या प्रकाराचे मूळ असे एका मुलाच्या रानातल्या भटकंतीत आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे २००१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ या खेळाने संपूर्ण त्रिमितीय शहर उभे केले आणि २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ने मनोऱ्यांची प्रथा रूढ केली. त्यानंतरच्या दशकात ही प्रथा इतकी पसरली की मनोरा, नकाशा आणि चिन्हे हा जणू साचाच बनला.

शिणाचे कारण या साच्यातच दडलेले आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आपण होऊन चित्रे काढण्यात रमणारी मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढाल तर सोनेरी शिक्का लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. काही दिवसांनी वर्गात रंगीत लेखण्या पुन्हा ठेवल्या तेव्हा, बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांत रमली. चित्रकला तीच होती, मुलेही तीच होती. मात्र जे आवडीचे होते ते मोबदल्याचे झाले होते. मुक्तविश्व खेळातील चिन्ह हे असेच आगाऊ जाहीर केलेले प्रशस्तिपत्रक असते. टेकडीमागे काय आहे हे टेकडी चढण्यापूर्वीच कळते आणि तेथे गेल्यावर नेमके तेवढेच मिळते. मग टेकडी ही टेकडी राहत नाही, दोन कामांमधले अंतर होते.

निर्मात्यांना हे कळत नाही असे नव्हे. मोठा खेळ तयार करण्यास अनेक वर्षे आणि शेकडो माणसे लागतात. ग्राहकाने मोजलेल्या पैशांच्या बदल्यात त्याला अधिकाधिक तास मिळावेत, असा बाजाराचा आग्रह असतो. प्रदेश मोठा केला की तो रिकामा वाटू लागतो, आणि रिकामेपण झाकण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तीच पाच-सहा कामे शंभर ठिकाणी पेरणे.

या निर्मितीत बेंगळूरूचाही वाटा आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये येथे स्थापन केलेली ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही भारतातील पहिल्या खेळनिर्मिती संस्थांपैकी एक होय. परदेशी खेळांसाठी मोटारी, इमारती, झाडे, खडक यांच्या त्रिमितीय प्रतिकृती तयार करणे हे तिचे मुख्य काम होते. २०१९ मध्ये ती रॉकस्टार कंपनीने विकत घेतली आणि त्या कंपनीच्या बेंगळूरूतील शाखेत विलीन केली. याच रॉकस्टारचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा खेळ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या निर्मितीत इतर देशांतील शाखांबरोबर भारतातील शाखाही सहभागी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची अमेरिका, तिच्यातील बर्फाळ घाट, दलदली आणि कुरणे, यांना आकार देणाऱ्या हातांत दख्खनच्या पठारावरील हातही होते. पडद्यावर झाडाचे एक पान हलते, त्यामागे असा कोणाचा तरी दिवस खर्ची पडलेला असतो. खेळणारा मात्र घोडा दौडवीत त्या पानाकडे न पाहता पुढच्या चिन्हाकडे निघून जातो. या प्रकारातील खरी उधळपट्टी हीच म्हणावी लागेल.

विस्तार वाढवत नेला तर काय होते, याचे टोकाचे उदाहरण २०१६ मधील ‘नो मॅन्स स्काय’ या खेळाने घालून दिले. त्यातील ग्रह माणसांनी एकेक करून रचलेले नाहीत. गणिती सूत्रांनी ते यंत्राकडून घडवून घेतले आहेत. त्यांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे १८ वर १८ शून्ये मांडली असता होईल त्याहूनही काहीशी अधिक आहे. सर्व ग्रह पाहून होणे कोणत्याही मनुष्याला शक्य नाही. तरीही आरंभीच्या अनेक खेळाडूंना दहा-वीस ग्रहांनंतरच सारे पाहून झाल्यासारखे वाटले. सूत्र एकच असल्याने प्राण्याचे शिंग बदले, आकाशाचा रंग बदले, पण नवेपण येईना. निर्मात्यांनी पुढे वर्षानुवर्षे भर घालून तो खेळ पुष्कळ सुधारला, हेही सांगितले पाहिजे.

इतके असूनही लोक या प्रदेशांकडे परत का जातात? येथे विषय खेळापुरता उरत नाही. ब्रिटिश भूगोलज्ञ जे ॲपल्टन यांनी १९७५ मध्ये असे मत मांडले, की माणसाला जेथून दूरवर दिसते आणि जेथे स्वतःला आडोसा मिळतो, अशा जागा स्वभावतः प्रिय असतात. गडाच्या सज्जातून खालचे खोरे न्याहाळणाऱ्या कोणालाही हे पटेल. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ मध्ये आपल्या ग्रंथात याहून पुढचा विचार मांडला. अभ्यास, हिशेब, रहदारी यांत माणूस आपले अवधान प्रयत्नपूर्वक एका ठिकाणी धरून ठेवतो आणि ते अवधान थकते. ढग, वाहते पाणी, वाऱ्याने हलणारी पाने यांच्याकडे मन आपसूक लागते. त्यासाठी प्रयत्न करावा लागत नाही, म्हणून थकलेल्या अवधानास विसावा मिळतो. पडद्यावरचे ढग खऱ्या ढगांइतका विसावा देतात असे म्हणणे धाडसाचे होईल. पण येलहंक्याहून शहरातील कचेरीपर्यंत रोज दोन वेळा रहदारीत अडकून पडणाऱ्या माणसाला, रात्री दहा वाजता, कोणीही न बोलावता एखाद्या डोंगरकड्यावर उभे राहण्याची जी ओढ वाटते, ती खोटी नाही. शीण येतो तो बहुधा भूदृश्याचा नसतो. त्याच भूदृश्यावर लादलेली यादी अवधानाला पुन्हा कामास जुंपते, आणि कचेरीतला थकवा घरात शिरतो.

म्हणूनच काही खेळाडू नकाशा बंद करून नुसते हिंडतात. घोड्यावर बसून पहाट होताना पाहणे, पावसात झोपडीच्या वळचणीला थांबणे, एवढेच ते करतात. काही लहान खेळ तर याच आवडीतून जन्मले. २०१३ मधील ‘प्रोटिअस’मध्ये एका बेटावर चालण्यापलीकडे जवळजवळ काहीच करायचे नसते, चालणाऱ्याच्या भोवती ऋतू पालटतात आणि संगीत बदलत जाते. मोठ्या निर्मात्यांनीही हळूहळू वाट बदलली. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये २०१८ साली चिन्हे लपवून, केवळ वर्णनावरून ठिकाण शोधण्याची सोय देण्यात आली, याच मालिकेतील २०२३ चा ‘मिराज’ हा भाग मुद्दाम लहान आकाराचा ठेवला गेला. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या २०२० मधील खेळात बाणाऐवजी वारा वाट दाखवतो आणि गवत ज्या दिशेला झुकते तिकडे जावे लागते.

या बाबतीत २०१७ मधील ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ मात्र स्वतंत्र विचारास पात्र आहे. त्याचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी प्रदेशाचे मोजमाप ठरवताना आपल्या परिचयाच्या क्योटो शहराचा नकाशा खेळाच्या भूमीवर ठेवून पाहिला. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी जाण्यास किती वेळ लागतो, याचा अंदाज त्यांच्या पायांना आधीच होता. त्या चमूने आणखी एक युक्ती योजली. टेकड्यांचे आकार त्रिकोणी ठेवले. त्रिकोणी टेकडी पलीकडचे झाकते; तिला वळसा घालावा किंवा तिच्यावर चढावे, असा प्रश्न चालणाऱ्यापुढे उभा राहतो, आणि कोणताही मार्ग घेतला तरी झाकलेले हळूहळू उलगडते. या खेळातही मनोरे आहेत. पण मनोऱ्यावर चढल्यावर नकाशाची केवळ रेखाकृती मिळते, चिन्हे मिळत नाहीत; वर उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी काय दिसते ते पाहावे आणि आपली खूण आपणच करावी लागते. केंपेगौडांच्या काळी मनोऱ्यावर चढणारा पहारेकरी याहून निराळे काही करीत नसावा.

भारतीय भूदृश्यही या खेळांत आले आहे. २०१७ मधील ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ या खेळाचा मोठा भाग पश्चिम घाटात घडतो. मातट पाण्याचे ओढे, हिरवे कडे आणि होयसळांची पडकी नगरे यांतून नायिका क्लोई जीप चालवत जाते. त्या भागातील एक प्रकरण बरेच मुक्त आहे: जीप कोठेही न्यावी, वाटले तर विखुरलेल्या होयसळ मुद्रा गोळा कराव्यात, न वाटले तर पुढे जावे. घाटातील पाऊस आणि ओलसर प्रकाश त्यात सुरेख उतरला आहे. वास्तूंच्या बाबतीत मात्र कल्पनेने फार मोठी झेप घेतली आहे. खेळातील होयसळ शिल्पे पर्वतप्राय आहेत. प्रत्यक्ष हळेबीडचे बाराव्या शतकातील मंदिर बुटके आणि आडवे पसरलेले आहे, आणि त्याचे सारे वैभव मऊ दगडावरील वीतभर कोरीवकामात साठवलेले आहे. ते पाहण्यासाठी मान उंचावण्यापेक्षा भिंतीच्या जवळ जावे लागते. बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर येथील होयसळ मंदिरांचा समावेश २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला. येलहंक्याहून ती एका दिवसाच्या प्रवासाइतकी जवळ आहेत. तरीही तेथील अनेक तरुणांना होयसळ हे नाव पहिल्यांदा एका अमेरिकन कंपनीच्या खेळात भेटले असेल, तर त्यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. पाहण्याची ओढ कोणत्या दारातून आत येईल, हे कोणी ठरवू शकत नाही.

येलहंक्यात ही ओढ घराबाहेर पडली तर तिला पुरेसे काम आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकलस्वारांचे घोळके येथून उत्तरेला नंदी डोंगराकडे निघतात. १४७८ मीटर उंचीचा तो डोंगर निरभ्र दिवशी दुरूनच खुणावतो. पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यात चित्रबलाक आणि बगळे घरटी करतात. आणि खुद्द गावचे मोठे तळे आहे. पूर्वीच्या लोकांनी जमिनीचा उतार ओळखून बांध घातले, त्यामुळे येलहंक्याचे तळे भरले की जादा पाणी जक्कूरच्या तळ्यात उतरते आणि तेथून पुढे राचेनहळ्ळीच्या तळ्यात जाते. शहराच्या नकाशात हे तीन सुटे निळे ठिपके दिसतात. पावसाळ्यात ओढ्याच्या कडेने, मधल्या भिंती आणि रस्ते चुकवीत, उताराकडे लक्ष ठेवून चालत गेले तर पाणी कोठे वळते, कोठे अडते आणि कोठल्या घरांच्या मागून पुन्हा वाहू लागते, हे दिसू लागते.