नव्वदीतले ‘ब्लॅक एंजल्स’

व्हायोलिनवादक जॉन शेर्बा आणि व्हायोलावादक हँक डट २०२४ मध्ये क्रोनोस क्वार्टेटमधून निवृत्त झाले. चेलोवादक जोन जाँरेनो १९९९ मध्येच बाहेर पडल्या होत्या. संस्थापक डेव्हिड हॅरिंग्टन आहेत, क्रोनोसही आहे. पण ज्या चौघांनी माझ्या पिढीला संगीतकार जॉर्ज क्रम यांचे ‘ब्लॅक एंजल्स’ ऐकवले, ते चौघे आता एकत्र नाहीत. क्रमही २०२२ मध्ये गेले.

रचना १९७० ची. व्हिएतनाम युद्ध पेटलेले असताना ती पुरी झाली आणि क्रम यांनी स्वरलेखनावर तारीख घातली, शुक्रवार, १३ मार्च. भागही तेराच. १९७३ मध्ये हॅरिंग्टन यांनी ती रेडिओवर ऐकली आणि अशी रचना वाजवता यावी म्हणून सिएटलला क्रोनोस उभे केले.

१९९० मध्ये क्रोनोसचे ध्वनिमुद्रण आले आणि त्याची कॅसेट फिरत फिरत माझ्याकडे पोचली. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगलींमुळे संचारबंदी होती, रात्री दूरवरून आरडाओरडा ऐकू यायचा. त्या दिवसांत सुरुवातीची ती विजेवर वाढवलेली, कर्कश घरघर मला परदेशी वाटली नाही. वादक वेगवेगळ्या भाषांत आकडे ओरडतात, मराकस खुळखुळवतात, टॅमटॅम या धातूच्या मोठ्या थाळीवर गज ओढतात. मग शूबर्टची एक धून येते, कोण्या जुन्या वाद्यातून यावी तशी क्षीण. आणि दहाव्या भागात तिघेजण पाण्याने सुरात लावलेल्या काचेच्या प्याल्यांवर गज फिरवतात. जलतरंगाचा आघात काढून घेतला आणि नुसती आस ठेवली, तर असे काहीसे होईल. त्यावर चेलो एकटा गातो. इतके सांत्वन त्या वर्षांत मला दुसऱ्या कशात मिळाले नाही.

एका श्रवणमंडळात ही कॅसेट लावू द्या म्हणून मी विनवले होते. ‘हा गोंगाट आहे,’ असे सांगून जाणत्यांनी ती पहिल्याच मिनिटाला बंद केली. त्यांचे चुकलेच, हे मी आजही म्हणेन. युद्धाच्या काळात लिहिलेल्या संगीताने गोड असावे, ही अपेक्षाच क्रूर आहे.

पण निदान ते रागावले तरी होते. आता तेच पहिले मिनिट कापून भयपटी चित्रफितींखाली लावतात आणि पुढचे कोणी ऐकत नाही. घाबरवण्याचा मसाला तेवढा उरला, शोक हरवला. मंडळे मिटली, कॅसेटी देण्याघेण्याची रीत गेली, २०१६ मध्ये मुंबईतल्या काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकानही बंद झाले. रचना सहज मिळते, तेव्हाच ती तुकड्यांत विखुरली, याचे मला फार वाईट वाटते.

सगळे मिळून ती जेमतेम वीस मिनिटांची आहे. एकदा सलग ऐका. दहावा भाग येईपर्यंत बंद करू नका.