उंच टोपीतले दरोडेखोर

दरोडेखोरांची चित्रगोष्ट वाचून दाखवताना पुस्तकाचं तोंड मुलांकडे हवं आणि मजकूर आपल्याला पाठ हवा. पान उलटायची घाई करायची नाही. मुलांना आधी चित्र हेरू द्यायचं.

दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, धारूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे राहतात. अशा मुलांना मी टोमी उंगरर यांचं १९६१ सालचं ‘तीन दरोडेखोर’ मराठीतून सांगतो. काळे झगे, उंच काळ्या टोप्या. एकाकडे बंदूक, दुसऱ्याकडे घोड्यांच्या डोळ्यांत मिरपूड उडवायचं यंत्र, तिसऱ्याकडे लालभडक कुऱ्हाड. मिरपूड म्हटल्याबरोबर सगळा वर्ग खोटंखोटं शिंकतो. कोयता जवळून पाहिलेली पोरं मात्र कुऱ्हाड निरखतात. “लई जड हाय, हात भरून येतील त्याचे!” तिथेच दरोडेखोराची भीती निम्मी होते.

मग बग्गीत सापडलेली अनाथ टिफनी गुहेतली सोन्याची रास बघून विचारते, एवढ्याचं करणार काय? तिघांनी त्याचा कधी विचारच केलेला नसतो! मुलं खदखदून हसतात आणि स्वतःच सोनं वाटायला घेतात. कुणी बैलजोडी घेतं, कुणी मुकादमाची उचल फेडून आईबापाला घरी आणतं. पुस्तकातले दरोडेखोर त्या सोन्यातून अनाथ मुलांसाठी वाडा घेतात, हे ऐकून वर्गाला आपलंच म्हणणं खरं झाल्यासारखं वाटतं.

दरोडेखोर निवडताना मी फार जपतो. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२मध्ये कायदा गेला, तरी त्यांतल्या पारध्याच्या पोराकडे आजही संशयाने पाहिलं जातं. तेही पोर याच वर्गात बसलेलं असतं. म्हणून मला उंच टोपीवाला किंवा एका डोळ्यावर पट्टी बांधलेला समुद्री चाचा हवा. त्याच्यात शेजारच्या कुणाचाच चेहरा दिसत नाही. पोरं लगेच त्याचं जहाज माजलगावच्या धरणात सोडतात आणि ते गाळात रुततं की तरतं यावर भांडतात.

अशी पुस्तकं वस्तीवरच्या प्रत्येक शाळेच्या पुस्तकपेटीत हवीत. चोर म्हणून कुणाकडे बोट न दाखवता सगळ्यांना मिळून चोराला हसता येतं, हे पोरांना लहानपणीच कळायला हवं.