मायक्रॉनचा माग : अल्पाका पैदाशीची चार दशके

अँडीज पर्वतरांगेत समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर ‘पुना’ नावाची थंड, गवताळ पठारे आहेत. तेथे मुख्यत्वे लोकरीसाठी जोपासला गेलेला अल्पाका हा उंटकुळातील, पण वशिंड नसलेला प्राणी १९८४ मध्ये व्यापारी हेतूने अमेरिकेत आणि त्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात पोहोचला, आणि तेव्हापासून पुढच्या चार दशकांत त्याच्या पैदाशीचे एक स्वतंत्र जगच उभे राहिले. या जगात वंशावळीच्या नोंदवह्या होत्या, प्रदर्शने आणि त्यांचे परीक्षक होते, तंतूची जाडी मोजणारी यंत्रे होती आणि काही काळ तरी डोळे विस्फारायला लावणाऱ्या किमतीही होत्या. अधिक बारीक आणि अधिक एकसारखी लोकर हे या सगळ्या खटाटोपाचे जाहीर उद्दिष्ट होते. ते कितपत साधले हे तपासू लागल्यास आनुवंशशास्त्राइतकीच हिशेबाची वहीही चाळावी लागते, कारण बारीक लोकरीचे पैसे कोण, कोणाला आणि कशासाठी देतो यावरच प्रत्येक टप्प्यात जनावरांची निवड ठरत गेली.

लोकरीची बारकाई मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण तीस मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके त्वचेला टोचतात. म्हणून तीसच्या आतील तंतूंचे शेकडा प्रमाण हा कापडाच्या सुखदपणाचा निर्देशांक मानला जातो. सरासरी जाडी कमी असली तरी एकाच जनावराच्या अंगावर बारीक आणि जाड तंतू मिसळलेले असतील, तर सूत एकसारखे उतरत नाही. त्यामुळे तंतूंच्या जाडीतील तफावतही सरासरीइतकीच महत्त्वाची ठरते. यात भर पडते ती राठ केसांची. हे केस आतून पोकळसर असतात, रंग नीट धरत नाहीत आणि बहुधा छाती, पोट व पाय यांवर वाढतात. अल्पाकाच्या दोन जातींपैकी ‘वाकाया’ जातीची लोकर नागमोडी वळणांची, फुगीर आणि मेंढीच्या लोकरीची आठवण देणारी असते, तर ‘सुरी’ जातीची लोकर पिळदार बटांच्या रूपाने अंगालगत लोंबते आणि तिला रेशमासारखी झळाळी असते. सुरीपण वंशागतीत प्रभावी ठरते. म्हणून दोन सुरींच्या पोटी कधी वाकाया पिल्लू निपजते, पण दोन वाकायांना सुरी पिल्लू होणे अगदी विरळा.

अलीकडच्या चाळीस वर्षांचे मोजमाप करायचे तर त्यासाठी एक जुना मापदंड उपलब्ध आहे, आणि तो आधुनिक पैदासकारांना फारसा सोयीचा नाही. दक्षिण पेरूतील एल याराल येथे घरांच्या जमिनीखाली पुरलेली, कोरड्या हवेत नैसर्गिकरीत्या टिकून राहिलेली सुमारे नऊशे ते हजार वर्षांपूर्वीची लामा (अल्पाकाचा उंटकुळातीलच नातलग) आणि अल्पाका यांची शरीरे सापडली. पुरातत्त्वीय प्राणिशास्त्रज्ञ जेन व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यांच्या लोकरीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील सर्वांत तलम अल्पाका गटाची सरासरी जाडी १८ मायक्रॉनच्या आसपास आणि दुसऱ्या गटाची २४ च्या आत भरली. शरीराच्या निरनिराळ्या भागांतील लोकरीत फरकही अत्यल्प आढळला. याचा अर्थ असा की इंका साम्राज्याच्याही आधी अँडीजमधील पशुपालकांनी निवडीच्या पैदाशीतून असे कळप घडवले होते, ज्यांची बरोबरी करणे आजच्या बहुसंख्य कळपांना जमत नाही. हे कौशल्य इंका राजवटीतही टिकले. रंगांनुसार वेगळे ठेवलेले कळप आणि गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या ‘किपू’मध्ये ठेवलेली जनावरांची गणना यांची वर्णने स्पॅनिश इतिवृत्तांत आढळतात.

१५३२ नंतरच्या स्पॅनिश विजयाने ही व्यवस्था मोडली. रोगराई, कत्तल आणि मेंढ्यांसाठी बळकावलेली कुरणे यांमुळे कळप झपाट्याने घटले, आणि उरलेली जनावरे उंच, निकृष्ट चराईकडे ढकलली गेली. तेथे लामा आणि अल्पाका यांचा बेसुमार संकर झाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने अल्पाकाचा पूर्वज रानटी विकुन्या असल्याचे दाखवले, आणि त्यामुळे त्याचे शास्त्रीय नाव बदलून तो विकुन्याच्याच प्रजातिगटात गेला. त्याच अभ्यासातून आजच्या अल्पाकांपैकी फार मोठ्या हिश्श्यात लामाचे रक्त मिसळलेले असल्याचेही उघड झाले. अर्थात, विसाव्या शतकातील पैदासकारांनी ज्या जनावरांपासून सुरुवात केली, ती मुळातच एका विस्कटलेल्या वारशाची होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपने अल्पाकाची लोकर पुन्हा शोधली, ती गिरणीमालकाच्या नजरेने. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे टायटस सॉल्ट यांनी १८३६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या गोदामात पडून असलेले गठ्ठे विकत घेऊन तिचे चमकदार कापड विणले आणि त्या यशावर सॉल्टेअर हे गिरणीगाव वसवले. काळ्या अल्पाका कोटाच्या रूपाने हेच कापड वसाहतकाळातील मुंबईच्या कचेऱ्यांपर्यंत आले. पेरूबाहेर ही जनावरे नेऊन वाढवण्याचा सर्वांत मोठा खटाटोप चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने केला. पेरूची निर्यातबंदी चुकवत, अँडीज ओलांडून त्याने १८५८ मध्ये अडीचशेच्या आसपास जनावरे सिडनीला उतरवली, पण तो प्रयोग फसला. (क्विनाइन देणाऱ्या सिंकोनाच्या एका गुणी जातीला ज्याचे नाव मिळाले तो लेजर हाच, बिया पोचवण्यात त्याला जे यश लाभले ते जनावरांबाबत लाभले नाही.) गिरण्यांच्या या मागणीचा एक दूरगामी परिणाम मात्र झाला. हवा तो रंग देता येतो म्हणून पांढऱ्या लोकरीला अधिक भाव मिळू लागला आणि करड्या, तपकिरी, काळ्या जनावरांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या घटत गेले.

पेरूच्या पुनो प्रांतातील माकुसानीजवळच्या आकोयो या पशुवाड्यावर डॉन हुलिओ बारेदा यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे काम केले, ते आधुनिक निवड पैदाशीचा आरंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. वाकाया आणि सुरी यांचे कळप वेगळे ठेवणे, पांढऱ्या रंगावर स्थिर राहणे, दर वर्षी जनावरे तपासून दुय्यम नर पैदाशीतून काढून टाकणे ही त्यांची पद्धत होती, आणि तिच्यातून दाट लोकरीची, भरदार अंगाची जनावरे तयार झाली. १९६९ च्या जमीनसुधारणेने पेरूतील मोठ्या हासिएंदा, म्हणजे जमीनदारी वाड्या, मोडून सहकारी संस्था उभारल्या आणि पुढच्या दशकांत अंतर्गत हिंसाचाराने डोंगराळ भाग होरपळला, तेव्हा कित्येक जुने कळप विखुरले गेले. अशा काळात एका माणसाने वर्षानुवर्षे एकाच दिशेने निवड करत राहणे हेच विलक्षण होते.

परदेशी खरेदीदार अँडीजमध्ये आले ते या पार्श्वभूमीवर. सुरुवातीची जनावरे मुख्यतः चिलीतून गेली. पेरूचे दार नव्वदच्या दशकात उघडले, आणि मग ‘आकोयो’ हे नाव विक्रीपत्रकांवर जातिवंतपणाच्या शिक्क्यासारखे झळकू लागले. अमेरिकेत १९८८ मध्ये वंशावळीची नोंदवही सुरू झाली, आणि प्रत्येक पिल्लाचे माता-पिता रक्ततपासणीने, पुढे जनुकीय चाचणीने, सिद्ध झाल्याशिवाय नोंद होत नसे. ही शिस्त पशुपालनात दुर्मीळ होती आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये संघटना स्थापन झाल्या. पुढे अमेरिकी नोंदवहीने १९९८ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या जनावरांना दार बंद केले. हा निर्णय देशातील रक्ताची शुद्धता जपण्यासाठी म्हणून मांडला गेला, तरी त्यामुळे पुरवठा मर्यादित राहून किमती टिकल्या, हा त्याचा उघड आर्थिक परिणाम होता.

या नव्या देशांत गुणवत्तेचा निवाडा प्रदर्शनाच्या रिंगणात होऊ लागला. तेथे दोन प्रकारच्या स्पर्धा असतात. पहिल्या प्रकारात जिवंत जनावर दोरीला धरून परीक्षकापुढे आणले जाते आणि त्याची देहबांधणी व लोकर दोन्ही पारखली जातात. दुसऱ्या प्रकारात कातरलेली लोकर तेवढी टेबलावर मांडतात, जनावर दिसतही नाही. परीक्षक लोकर बोटांनी दुभंगून वळणांची नियमितता, दाटपणा, झळाळी आणि हाताला लागणारा मऊपणा पाहतो. वळणे जितकी दाट तितका तंतू बारीक, हा मेरिनो मेंढीच्या पारखीतून आलेला समज अल्पाकाच्या बाबतीत सैलपणेच लागू पडतो, तरी डोळ्याला सुखावणाऱ्या वळणांना रिंगणात मान मिळत राहिला. त्याहून मोठी अडचण वयाची होती. अल्पाकाचा तंतू वय वाढते तसा जाड होत जातो, आणि पहिल्या कातरणीची लोकर बहुधा आयुष्यातील सर्वांत बारीक असते. त्यामुळे लहान वयाच्या गटात मिळालेला विजेतेपदाचा पट्टा त्या जनावराची लोकर पाचव्या वर्षी कशी असेल याविषयी फार थोडे सांगतो. पोषणाचाही मोठा वाटा असतो. उपाशी जनावराची लोकर बारीक होते आणि हिरव्यागार कुरणावर तेच जनावर काही मायक्रॉन जाड होते, म्हणून भुकेने आलेली बारकाई आणि रक्तातून आलेली बारकाई वेगळ्या करता येणे ही पैदाशीची खरी कसोटी होती. रिंगणातील परीक्षकाला ती एका दृष्टिक्षेपात कळणे शक्यच नव्हते.

तरीही किमती वाढत राहिल्या, कारण खरेदीदार लोकर विकत घेत नव्हते, पैदाशीची जनावरे विकत घेत होते. अमेरिकेत चांगल्या मादीला दहा ते पंचवीस हजार डॉलर पडत, विजेत्या नरांना त्याहून कितीतरी पटींनी अधिक, आणि छोट्या शेतावर निवृत्तीनंतर करण्याजोगी गुंतवणूक म्हणून करसवलतींसह तिची जाहिरात होई. वर्षाकाठी दोन-तीन किलो लोकर देणाऱ्या आणि अकरा-साडेअकरा महिन्यांनी एकच पिल्लू देणाऱ्या प्राण्याची ही किंमत लोकरीच्या उत्पन्नातून कधीही वसूल होणार नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील अर्थतज्ज्ञ टिना सायटोन आणि रिचर्ड सेक्स्टन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात नेमके हेच दाखवले की त्या किमतींना लोकरीच्या बाजारात आधार नाही आणि हा सट्ट्याचा फुगा आहे. पुढच्या काही वर्षांत मंदी आली, फुगा फुटला, आणि हजारो डॉलरना घेतलेली जनावरे काही ठिकाणी फुकट द्यावी लागली. २०१४ पासून अमेरिकेतील नोंदवही आणि पैदासकारांची संघटना एकत्र होऊन एकच संस्था काम पाहू लागली. या कहाणीत खलनायक शोधण्याची गरज नाही. पैदासकार एकमेकांचेच गिऱ्हाईक असतात तेव्हा जनावर कापडासाठी घडत नाही, पुढच्या विक्रीसाठी घडते.

फुगा फुटल्यावर जे उरले त्यात मोजमापाची शिस्त सर्वांत मोलाची आहे. मेरिनोसाठी विकसित झालेल्या प्रकाशीय यंत्रांनी लोकरीच्या एका नमुन्यातील हजारो तंतूंची जाडी, तिची तफावत आणि तंतूच्या लांबीवर वर्षभरात पडलेला फरक मिनिटांत कळू लागला. वाकाया जातीत तंतूच्या जाडीची आनुवंशिकता, म्हणजे जनावरा-जनावरांतील फरकाचा वंशातून येणारा वाटा, सुमारे ०.४ इतका आढळला असून निवडीला तो पुरेसा अनुकूल आहे. ऑस्ट्रेलियात भिन्न कळपांतील जनावरांची संख्याशास्त्रीय तुलना करून त्यांचे पैदासमूल्य काढण्याची पद्धत रुजली. मात्र वेगाची मर्यादा निसर्गानेच घालून दिली आहे. मादी समागमाशिवाय बीजांड सोडत नाही, नराच्या घट्ट, चिकट वीर्यामुळे गायी-म्हशींत रुळलेले कृत्रिम रेतन येथे व्यवहारात उतरले नाही, आणि नर उशिरा वयात येतो. भ्रूण प्रत्यारोपणाने यातून अंशतः वाट निघाली. काही धडे किंमत मोजून शिकावे लागले, जसे निळ्या डोळ्यांची पांढरी अल्पाका बहुधा बहिरी निपजतात आणि करड्या रंगाची दोन जनावरे जुळवणे जोखमीचे असते.

या सर्व काळात जगातील बहुसंख्य अल्पाका पेरूतच राहिले; २०१२ च्या कृषिगणनेत त्यांची संख्या ३६ लाखांच्या घरात होती आणि ती मुख्यतः लहान कळपांच्या मालकांकडे विभागलेली होती. पुनो प्रांतातील याली येथील पाकोमार्का या पशुवाड्यावर आरेकिपा शहरातील एका लोकर उद्योगसमूहाने स्पॅनिश संशोधकांच्या साहाय्याने पैदासमूल्यांवर आधारित निवड नव्वदच्या दशकापासून चालवली, आणि तिचे परिणाम शास्त्रीय नियतकालिकांतून तपासता येण्याजोगे आहेत. प्रदर्शनांच्या झगमगाटापेक्षा हे काम अधिक टिकाऊ म्हणावे लागेल. कीमसाचाता येथील सरकारी केंद्रात रंगीत जनावरांचे कळप राखले गेले, ही गिरण्यांच्या पांढऱ्या हव्यासावरची उशिरा केलेली दुरुस्ती होती.

या प्रयोगांचा लाभ डोंगरातल्या पशुपालकापर्यंत पोहोचण्यात मात्र एक साधा अडथळा कायम राहिला. आरेकिपाच्या गिरण्यांत अनुभवी स्त्रिया केवळ स्पर्शाने लोकरीची प्रतवारी करतात. १९ मायक्रॉनच्या आतील ‘रॉयल’, साधारण साडेबावीसपर्यंतची ‘बेबी’ (ही पिल्लांची असतेच असे नाही, ते प्रतीचे नाव आहे), आणि तेथून उतरत जाणाऱ्या जाडसर प्रती. या प्रतींमधील भावाचा फरक मोठा असतो, पण तो गिरणीच्या आत निर्माण होतो. गावोगाव फिरणारा मध्यस्थ पुष्कळदा सरसकट वजनावरच भाव देतो, आणि वजनावर भाव मिळणाऱ्या पशुपालकाला जाड, जड लोकर देणारा नर ठेवणेच परवडते. प्रतवारी करून सामूहिक विक्री करणाऱ्या संघटना आणि गावातील संकलन केंद्रे यांनी हा व्यवहार काही भागांत बदलला आहे. संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय उंटकुळ वर्ष म्हणून पाळलेल्या २०२४ मध्येही तो सर्वत्र बदललेला नव्हता.