घाटावरचे जवळ्याचे वडे

ज्या जिल्ह्याला समुद्राचा हातभरही किनारा लाभलेला नाही आणि ज्याचा बहुतांश मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेत येत असल्याने सरकारी दफ्तरात अवर्षणप्रवण म्हणून नोंदलेला आहे, त्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आठवडे बाजारांत सुकट-बोंबलांचे ढीग लागावेत, याचे परस्थास नवल वाटते. परंतु कोकणपट्टीवर उन्हात वाळविलेली मासळी हलकी, टिकाऊ आणि बर्फाची मिंधी नसल्यामुळे माळशेजसारख्या घाटांनी ती देशावर सहज चढत आली आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, पुढे मुळेवरही जलाशय झाला, आणि रोहू-कटला आता ताजे मिळतात. तथापि तव्यावरच्या वड्यांच्या मामल्यात माझा कौल सुक्या जवळ्यालाच आहे, कारण या पदार्थाचा खरा शत्रू पाणी हा होय.

वाटीभर जवळा निवडून, पाखडून मंद आचेवर कोरडाच भाजावा, म्हणजे उग्र दर्प मावळतो; मग तो पाण्यात खळबळून, रेती तळाशी बसल्यावर वरचेवर उपसून, घट्ट पिळावा. त्यात बारीक चिरलेला कोबी, कांद्याची पात व किसलेले गाजर मिळून दोन वाट्या, एक उकडलेला बटाटा, मिरची-लसणाचा ठेचा, हळद, कोथिंबीर आणि बेताचे बेसन घालावे. मीठ मात्र अगदी शेवटी आणि हात राखून. कारण भाजीच्या अंगचे पाणी मीठ बाहेर ओढते, मिश्रण सैल पडते, ते सावरण्यासाठी बेसनावर बेसन पडत जाते आणि अखेरीस जवळ्याचे म्हणून केलेले वडे निव्वळ पिठाचे होऊन बसतात. (पुष्कळ घरांत हेच घडते, आणि दोष बिचाऱ्या जवळ्यावर येतो.)

अर्धा इंच जाडीचे चपटे वडे रव्यात घोळवून, तापलेल्या लोखंडी तव्यावर शेंगदाण्याच्या तेलात मध्यम आचेवर सोडावेत, आणि तळाचा ओलावा उडून खरपूस पापुद्रा धरेपर्यंत त्यांना उलथन्याने मुळीच डिवचू नये. पापुद्रा जमला की वडा आपण होऊन तवा सोडतो. सोबत बाजरीची भाकरी असावी. कोळंबीने ज्यांच्या अंगावर पित्त उठते, त्यांनी जवळाही वर्ज्य मानावा, कारण दोन्ही एकाच कुळातले.

बेगमी वैशाखातच केलेली बरी. जून-जुलैत किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, ताजी मासळी दुर्मिळ होते, आणि डब्यातला जवळा आषाढातच संपवावा लागतो; पुढे श्रावण लागला की अनेक घरांत त्या डब्याला कोणी हात लावीत नाही.