शेवाळाचा तराफा

रात्री पावणेअकराला डोंबिवलीला उतरायचं, अकराला जेवायचं, साडेअकराला अंथरुणावर. मध्य रेल्वेच्या गाडीत उभ्यानं ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना पुढचं सांगायला नको. 'घशाशी आलं', एवढंच आपण घरात म्हणतो. दुकानात मात्र 'ॲसिडिटीचं द्या' म्हणतो. मला घरातलं बोलणं जास्त नेमकं वाटतं. पोटात आम्ल असायलाच हवं. बिघडतं, ते आम्ल वर आल्यानं. माधवनिदानात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद दिशेवरूनच केले आहेत.

ॲसिडिटीच्या पातळ औषधाच्या बाटलीवरच्या 'सोडियम अल्जिनेट' या दोन शब्दांच्या मी कैक वर्षं मागे आहे. ते मला घेऊन गेले एडवर्ड स्टॅनफर्ड या विस्मृतीत गेलेल्या रसायनज्ञाकडे.

स्कॉटलंडच्या बेटांवर लोक समुद्री शेवाळ जाळून राख विकत. त्या राखेतून आयोडीन मिळे, पण जाळताना बरंचसं वाया जाई. स्टॅनफर्डला ही नासाडी बघवत नव्हती. १८६२ मध्ये त्यानं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे शेवाळाच्या किफायतशीर उपयोगांवर निबंध वाचला, मग टायरी बेटावर कारखाना काढला. शेवाळ धुण्याच्या सोड्यात भिजवलं की दाट, चिकट द्राव होतो; त्यात आम्ल घातलं की गर वेगळा पडतो. १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेऊन त्यानं या पदार्थाला 'अल्जिन' म्हटलं. त्यात नायट्रोजन आहे, असं तो धरून चालला होता. १८९६ मध्ये नॉर्वेच्या ॲक्सेल क्रेफ्टिंगनं तो शुद्ध करून नायट्रोजन त्याचा नव्हेच, हे दाखवलं. क्रेफ्टिंग बरोबर होता. तरी माझा जीव स्टॅनफर्डवर आहे. लोक जे जाळत होते, ते त्यानं भिजवून पाहिलं.

पुढे अल्जिनपासून बनलेलं अल्जिनेट आइस्क्रीम आणि कापडछपाईत वापरलं गेलं. १९६४ मध्ये सँडमार्क आणि झेंक या स्वीडिश जोडीनं आम्ल उलटं येण्यावर नवा उपचार मांडला, तो या अल्जिनेटचाच. स्टॅनफर्डच्या भांड्यात जे घडलं, तेच पोटात घडतं. आम्ल लागताच अल्जिनेट गोठतं, कॅल्शियम त्याचे धागे बांधतं, खायच्या सोड्यातून सुटलेला वायू त्यात अडकतो आणि तो गर जेवणावर तराफ्यासारखा तरंगतो. आम्ल मारून टाकण्यावर याची भिस्त नाही, वाट अडवण्यावर आहे.

या औषधात सोडियम बरंच असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घास अडकणं, वजन उतरणं, काळं शौच ही दुखणी बाटलीवर ढकलू नयेत. आणि छातीतली कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, घाम फुटला, तर ती 'गॅस' समजून घरी बसू नये. सरळ रुग्णालय गाठावं.

औषध जेवणानंतर का, याचं उत्तर २००१ मध्ये मिळालं. जेवणानं जठरातलं आम्ल सौम्य होतं, पण अन्ननलिकेच्या तोंडाशी आम्लाचा एक कप्पा तसाच जहाल राहतो. जठराच्या मध्यभागी पीएच ४.७ असताना तिथे तो १.६ भरला. तराफा जाऊन बसतो तो नेमका याच कप्प्यावर. हा पीएच मोजला ग्लासगोच्या डॉक्टरांनी. १८९९ मध्ये स्टॅनफर्ड वारला ते डालमुअर गाव तिथून जवळच, क्लाइड नदीच्या काठी आहे.